कॉलेजला कुलूप लागण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

आपलं कॉलेज बंद होतंय ही बातमी विद्यार्थ्याला कधी कळावी, एवढ्या एकाच प्रश्नावर आज बोलणार आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यूटन शहरात माउंट आयडा नावाचं कॉलेज होतं. ६ एप्रिल २०१८ रोजी तिथल्या मुलांना कळलं, की हे सत्र संपलं की कॉलेजही संपणार. आता एप्रिलचा महिना डोळ्यांसमोर आणा. परीक्षा तोंडावर, आणि दुसरीकडच्या प्रवेशांच्या बऱ्याचशा मुदती उलटून गेलेल्या. मुलांना राज्य विद्यापीठाच्या डार्टमथ इथल्या शाखेत जागा देऊ केली गेली. ऐकायला बरं वाटतं. पण माउंट आयडात अंत्यविधी व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम होता, दंत-आरोग्याचा होता. असे विषय शेजारच्या प्रत्येक कॉलेजात थोडेच असतात! जागा मिळाली, पण आपला विषयच तिथे नाही, तर त्या जागेचं करायचं काय?

काही विद्यार्थी कोर्टात गेले. कॉलेजची तिजोरी रिकामी होत चाललीय हे विश्वस्तांना ठाऊक होतं, मग आम्हाला का सांगितलं नाही, असा त्यांचा सवाल. २०२० मध्ये अपील कोर्टानंही दावा फेटाळला. त्या राज्याच्या कायद्यानुसार विश्वस्तांचं उत्तरदायित्व संस्थेशी, विद्यार्थ्यांशी नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. फी भरणाऱ्याच्या पचनी पडणं अवघड आहे.

तरी विश्वस्तांची अडचण खोटी नाही, हेही सांगायला हवं. 'आम्ही अडचणीत आहोत' असं कॉलेजनं जाहीर केलं, की पुढच्या वर्षीचे प्रवेश आटतात, चांगले प्राध्यापक दुसरीकडे अर्ज टाकतात, आणि कदाचित तगलं असतं ते कॉलेज त्या बातमीनंच बुडतं. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत 'सगळं ठीक आहे' चालू राहतं. फिलाडेल्फियातल्या कलाविद्यापीठानं २०२४ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि साधारण आठवड्याभरात, ७ जूनला, दार लावून घेतलं.

मॅसॅच्युसेट्सनं २०१९ मध्ये या पेचावर कायदा केला. राज्याचं उच्च शिक्षण मंडळ खाजगी कॉलेजांची आर्थिक प्रकृती दरवर्षी तपासतं, तीही गाजावाजा न करता. धोका खरा आहे असं दिसलं, की कॉलेजला पर्यायी योजना तयार करावी लागते आणि विद्यार्थ्यांना कळवावं लागतं. मला यातला क्रम पटतो: आधी गुपचूप नाडी बघायची, मग वेळेवर तोंड उघडायचं. इंग्लंडमध्ये नोंदणीसाठी कॉलेजांना विद्यार्थी संरक्षण योजना, म्हणजे कॉलेज बंद पडलं तर मुलांचं काय करणार ते, आधीच लिहून द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला संरक्षण देणारी सरकारी योजना २०१२ पासून आहे.

फीचे पैसे मिळणं मात्र त्यातलं सोपं काम. अमेरिकेत कॉलेज बंद पडलं तर तिथल्या विद्यार्थ्याचं सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होऊ शकतं. खाजगी कर्जाला तो नियम नाही. आणि गेलेली वर्षं कोण माफ करणार? २००४ ते २०२० या काळात बंद पडलेल्या ४६७ संस्थांतल्या सुमारे १ लाख ४३ हजार विद्यार्थ्यांचा तिथे मागोवा घेतला गेला. त्यांतल्या निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांनी पुन्हा कुठे नाव घातलं. बाकीच्यांचं शिक्षण तिथेच थांबलं.

सर्वांत कमी नुकसान होतं ते कॉलेज रीतसर बंद झालं तर. नवे प्रवेश थांबवायचे, आत असलेल्यांना शेवटच्या वर्षापर्यंत शिकवायचं, किंवा दुसऱ्या कॉलेजशी आधीच लेखी करार करून त्यांना श्रेयांकांसकट, म्हणजे आतापर्यंत कमावलेल्या क्रेडिट्ससकट, तिकडे सोपवायचं. याला पैसे लागतात, म्हणून ते तिजोरीत थोडंफार शिल्लक असतानाच ठरवावं लागतं.

तुमच्या कॉलेजबद्दल कुजबुज ऐकू येत असेल, पगार थकलेत, एकेक विषय बंद होतोय, तर गुणपत्रकाची अधिकृत प्रत आजच मागून घ्या. त्याबरोबर प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रमही. कोणते धडे, किती तास, कुठली प्रात्यक्षिकं, हे कागदावर असेल तर नव्या कॉलेजला श्रेयांक नाकारणं जड जातं. कार्यालयात माणूस बसतोय तोवर हे कागद दहा मिनिटांत मिळतात. कुलूप लागल्यावर आधी ते दप्तर कुणाच्या ताब्यात गेलं, हेच शोधत बसावं लागतं.