आधी गेज, मग पाना
(जुन्या टर्बो गाडीच्या ऑइल प्रेशरवरील माहितीपटाचं निवेदन)

[डॅशबोर्ड. लाल दिवा लुकलुकतोय.]

तेलाच्या झारीचं चित्र असलेला हा लाल दिवा, ऑइलचं प्रेशर कमी झालं की लागणारा. गाडी जुनी बोलेरो, इंजिन 2523 सीसीचं, टर्बो डिझेल. बीडच्या या गॅरेजात ती आली ती एका विचित्र तक्रारीसह. गावात फिरताना दिवा लागत नाही. सोलापूर रोडला ऐंशीचा स्पीड धरला किंवा मांजरसुंब्याचा घाट चढायला घेतला, की लुकलुकायला लागतो. गाडी बाजूला घेऊन बंद करायची, दहा मिनिटांनी सेल मारायचा, दिवा गेलेला असतो.

याआधी स्विच बदलून झालाय, वायरही बदलून झाली. आता सल्ला मिळालाय की बेअरिंग गेले, इंजिन उतरवा. इथले मिस्त्री मात्र ड्रायव्हरला एवढंच म्हणतात, "भाऊ, इंजिन खोलायचं मागून बघू. आधी गेज लावू."

[ऑइलची पट्टी, जवळून.]

गेज म्हणजे ऑइलचं प्रेशर दाखवणारा काटा. पण त्याच्याही आधी पट्टी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. लेव्हल कमी असेल तर तेल कुठं जातंय ते शोधायचं. लेव्हल वर चढलेली असेल तर जास्त काळजी, कारण तेल आपोआप वाढत नसतं. इंजेक्टर गळत असेल किंवा डिझेल पंपाचं सील गेलं असेल, तर डिझेल खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं. कागदावर एक थेंब टाकून थोडा वेळ ठेवा. काळ्या डागाभोवती फिकट, पसरट कडं आलं आणि वास डिझेलचा आला, तर प्रेशर कमी होण्याचं कारण तिथंच आहे. दुधाळ फेस दिसला तर पाणी शिरलंय. या बोलेरोच्या कागदावर दोन्ही नाही.

[ब्लॉकवरून स्विच सुटतो. त्या जागी गेजची नळी बसते.]

दिवा पेटवणाऱ्या या स्विचला एकच गोष्ट कळते: प्रेशर साधारण 0.3 ते 0.5 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) खाली गेलं की नाही. दिवा विझलेला आहे म्हणजे प्रेशर पुरेसं आहे, असं मुळीच नाही. 0.6 किलोवरही तो विझलेलाच असतो आणि तेवढ्यावर टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, जगत नाही. म्हणून स्विच काढून त्याच आट्यांत मेकॅनिकल गेज बसवायचं. आटे बहुतेक वेळा निमुळते असतात. हाताने दोन-तीन फेरे सहज गेले तरच पाना लावायचा. जबरदस्ती केली तर ब्लॉकच चिरतो.

आता चार आकडे हवेत. थंड इंजिन, आयडलिंग. मग वीस मिनिटं गाडी चालवून पुन्हा आयडलिंग, मग 2000 आरपीएम, मग 3000. वीस मिनिटं एवढ्यासाठी, की पाण्याचा काटा लवकर वर येतो, पण ऑइल मागाहून तापतं. थंड ऑइलवर घेतलेला आकडा खोटा दिलासा देतो. नेमका आकडा ज्या त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्येच बघायचा, पण अशा डिझेल इंजिनांना ढोबळ हिशेब चालतो: गरम आयडलिंगला 1 किलोच्या आसपास आणि 3000 ला 3 ते 4.

[गेजचा काटा. हा शॉट पूर्ण राहू द्यावा.]

थंड आयडलिंग, 3 किलो. गरम आयडलिंग, 1.2. ठीक आहे. 2000 ला 2.4. हेही ठीक. आता 3000 वर धरून ठेवलंय. काटा वर चढायला हवा. तो 2 वर येतो, 1 वर येतो, थरथरतो आणि आणखी खाली बसतो.

याच ठिकाणी निदान होतं. बेअरिंग झिजलं असतं तर सगळ्यांत वाईट आकडा गरम आयडलिंगला आला असता, कारण तेव्हा ऑइल पंप हळू फिरतो आणि पातळ तेल रुंद झालेल्या फटीतून निसटतं. जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असता किंवा पंप झिजला असता तर थंड असतानाही काटा वर आला नसता. आयडलिंग चांगलं आणि वेग वाढला की काटा पडतो, याचा अर्थ पंप मागतोय तेवढं तेल त्याच्यापर्यंत पोचत नाही. थरथर म्हणजे तेलासोबत हवा ओढली जातेय. इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, म्हणजे चेंबरमध्ये, पंप एका जाळीतून तेल ओढतो. संशय त्या जाळीवर किंवा जाळीच्या पाइपच्या ओ-रिंगवर, म्हणजे रबरी सीलवर. आणि दहा मिनिटांत दिवा का विझायचा, तेही आता कळतं: ओढ थांबली की जाळीला चिकटलेला गाळ सुटून खाली बसतो.

[चेंबर उतरतं. जाळी, अगदी जवळून.]

ही ती जाळी. काळा गाळ आहेच, पण त्यात हे लाल धागे बघा. ही सिलिकॉन पेस्ट आहे. मागं कधीतरी चेंबरला पॅकिंगऐवजी पेस्ट मारली आणि भरपूर मारली. बोल्ट आवळले की जादा पेस्ट बाहेर येते तशी आतही येते, तुटते आणि थेट जाळीवर जाऊन बसते. दोन-तीन मिलिमीटरची एक सलग रेघ पुरते, तीही बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने.

चेंबर उतरलंच आहे तर बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या टोकाची, एक कॅप उघडून बघायचीच. कॅपवर खूण करून, तीच कॅप त्याच जागी, त्याच दिशेने. शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धी वाटी, एकसारखं करडं आहे, तांबूस थर उघडा पडलेला नाही. जुना फिल्टरही कापून कागद पसरलाय. लोहचुंबक फिरवलं तर काही चिकटत नाही आणि बेअरिंगची चमकही नाही. क्रँक वाचलाय. दिवा लुकलुकत असताना असंच आणखी पळवलं असतं तर क्रँक ग्राइंडिंगला गेला असता आणि सोबत टर्बोही.

[टर्बो. फीड पाइप सुटतो.]

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तरंगतो तो फक्त तेलाच्या थरावर. म्हणून ही तपासणी कधीच सोडायची नाही. टर्बोला तेल पुरवणाऱ्या फीड पाइपचं टोक बाटलीत, डिझेलचा पुरवठा तोडलेला, आणि सेल दहा-पंधरा सेकंद. धार सलग यायला हवी. इथं ती तुटक येते. पाइपच्या आत कडक कार्बन आहे. घाट चढून आल्यावर धाब्यावर उतरताक्षणी चावी बंद केली की तापलेल्या टर्बोत तेल जागच्या जागी जळतं, त्याचा हा कार्बन. एक-दोन मिनिटं आयडलिंगला ठेवून मग बंद करायची, एवढीच सवय लागते. हा पाइप साफ करत बसू नये, नवा घालावा.

शाफ्ट हाताने हलवून बघतात. आडवा किंचित हलतो, ते चालतं. मागंपुढं हाताला जाणवेल इतका हलायला नको, आणि पंख्याची पाती घरावर घासलेली नकोत. दोन्ही ठीक आहेत. रिटर्न पाइप मोकळा आहे आणि सरळ उताराचा आहे. तो तुंबला की तेल सीलमधून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये जातं, धूर निळा येतो, आणि चांगला टर्बो उगाच बदलला जातो.

[नवं ऑइल ओततात.]

नवी ओ-रिंग, धुतलेली जाळी, नवा फिल्टर, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल. काटा वर दिसावा म्हणून जाड तेल घालायचं नाही. जाड तेलाने आकडा वाढतो, पण थंड इंजिनात टर्बोपर्यंत पोचायला ते उशीर करतं.

फिल्टर भरून बसवलाय. टर्बोच्या तोंडात थोडं तेल ओतलंय. डिझेल अजून बंदच आहे. काटा हलेपर्यंत थोडा थोडा सेल मारायचा, मगच इंजिन सुरू, आणि सुरुवातीला रेस अजिबात नाही. वीस मिनिटांच्या फेरीनंतर गरम आयडलिंग 1.3, आणि 3000 ला 3.6 किलो. काटा स्थिर.

500 किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलायचे. गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या वाटांत, अडकलेले पेस्टचे तुकडे तोपर्यंत सुटून फिल्टरमध्ये आलेले असतात. तोही फिल्टर कापून बघायचा.