इस्त्रीच्या पोटातले क्षार

श्रोतेहो, नमस्कार.

पांढऱ्या शर्टाला इस्त्री होत आलेली असते. कॉलरवर शेवटचा हात फिरवताना वाफेचं बटण दाबावं आणि भोकांतून तपकिरी पाण्याचा ओघळ थेट शर्टावर उतरावा! इस्त्री बिघडली, असंच वाटतं. बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं, आत क्षार साचलेले असतात.

बोअरच्या, टँकरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते वेगळे होऊन चिकटून बसतात. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरं कवच धरतं, तेच इस्त्रीच्या पोटातही धरतं. फक्त तिथलं ते आपल्याला दिसत नाही.

हा थर आम्लात विरघळतो, म्हणून पांढरं व्हिनेगर कामाला येतं. पण आधी इस्त्रीबरोबर आलेली पुस्तिका जरूर वाचा. काही कंपन्या टाकीत व्हिनेगर घालायला मनाई करतात. तशी मनाई असेल तर कंपनीनं सांगितलेलीच पद्धत वापरा. नसेल, तर प्लग काढून निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी असं मिश्रण टाकीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरा. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र येतो. मग प्लग लावा. इस्त्री पूर्ण तापली की प्लग काढा, जुन्या सुती पंच्यावर आडवी धरा आणि वाफ सोडत राहा. पंच्यावर पांढरे कण आणि तपकिरी डाग पडायला लागले, की समजा मळ निघतोय. मग साधं पाणी भरून हेच पुन्हा करा, वास जाईपर्यंत.

व्हिनेगरऐवजी लिंबू पिळलं तर? टाकीत नको. रसातला गर भोकांत अडकतो आणि तापून करपतो.

आता इस्त्रीचा तळ. तिथले करपलेले डाग काढायला खायचा सोडा पाण्यात दाटसर कालवा, गार इस्त्रीला लावा आणि ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसा. भोकांत गेलेला सोडा ओल्या कापसाच्या काडीनं काढा. तिथं सुई किंवा टाचणी घालू नका. मिठावर गरम इस्त्री फिरवायचा उपाय घरोघरी सांगितला जातो, पण नॉनस्टिक तळाला त्यानं चरे पडतात. मेणबत्तीचा तर मुळीच नको. वितळलेलं मेण भोकांत शिरतं आणि पुढच्या साडीवर तेलकट डाग उमटतो.

खरं म्हणजे लक्ष द्यायचं ते पाण्याकडे. बोअरचं पाणी येत असेल तर इस्त्रीपुरतं आरओचं पाणी घ्या. टाकीत सुगंधी पाणी किंवा अत्तर घालू नका, त्याचाही चिकटा बसतो. आणि काम संपलं की प्लग काढून, भाजणार नाही अशा बेतानं, इस्त्री कोमट असतानाच टाकी रिकामी करा. उरलेल्या उष्णतेनं आतला ओलावा सुकून जातो.

नमस्कार.