कॅबिनेटमधली गोधडी

नमस्कार मंडळी. आज धुळीबद्दल बोलूया. रस्त्यावरच्या नाही हं, तुमच्या टेबलाखाली कॉम्प्युटरचा जो डबा असतो, ज्याला आपण सगळेच सीपीयू म्हणतो, खरं तर सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चिप पण ते असू दे, त्या डब्यातल्या धुळीबद्दल.

मी इचलकरंजीत कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून हे गाव खडखडतंय ते खडखडतंयच. आता जिथं माग तिथं हवेत कापसाची लव, ती डोक्यावर बसते, चहात पडते, आणि ती नुसती लव पण नसते, ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला सायझिंगमध्ये खळ लावलेली असते ना, माग चालला की ती वाळलेली खळ झडून पिठासारखी उडते. उन्हाळ्यात ती फुंकरीनं जाते. पावसाळ्यात दमट हवा लागली की मग मात्र बघायला नको, लव आणि खळ मिळून असा लगदा होतो की ब्रशनं पण हलत नाही.

एका कारखान्यातून दिवाणजींचा फोन आला, बिलं काढताना कॉम्प्युटर मधेच बंद पडतोय, व्हायरस आलाय बहुतेक, लगेच ये. गेलो. डबा उघडला, प्रोसेसरवरचा फॅन सोडवला आणि त्याच्याखाली हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर एक छान करड्या रंगाची गोधडी अंथरलेली. नखानं कोपरा उचलला तर अख्खी एका तुकड्यात निघाली, खालच्या बाजूला हीटसिंकच्या रेघा उमटलेल्या. दिवाणजींनी ती हातात घेतली, सुताचा बारीकपणा, म्हणजे काउंट, बघतात तशी अंगठ्यानं चोळून बघितली आणि म्हणाले, "चाळीस काउंटचं दिसतंय रे."

तर व्हायरस बियरस काही नव्हता. फॅन बिचारा जीव तोडून फिरत होता पण हवा पात्यांतून जाणार कुठून, मधे गोधडी. मग चिप तापते, शंभर डिग्रीच्या आसपास गेली की ती आपणहून स्पीड कमी करते म्हणून कॉम्प्युटर रेंगाळतो, आणि तरी भागलं नाही तर स्वतःला वाचवायला मशीन सरळ बंद होतं. कॉम्प्युटर हळू झालाय, फॅनचा विमानासारखा आवाज येतोय, दुपारी बंद पडतो आणि सकाळी नीट चालतो, अशी कंप्लेंट आली की मी आधी पेचकस काढतो, अँटीव्हायरसची सीडी नंतर.

आता प्रश्न असा की ही धूळ आत जाते कशी. लोक म्हणतात उडून जाते. उडून नाही जात हो, आपणच ओढून नेतो! साधा स्वस्तातला कॅबिनेट घ्या, पुढं फॅन बसवायला जागा असते पण फॅन नसतो. मागं एक फॅन, तो हवा बाहेर फेकतो. एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डबीचा फॅन, तो पण बाहेरच फेकतो. दोघं मिळून बाहेर ढकलतायत म्हटल्यावर तेवढी हवा आत यायलाच पाहिजे, मग ती मिळेल तिथून येते, पुढच्या यूएसबीच्या भोकातून, पत्र्याच्या फटीतून, मागं कार्डाची पट्टी कुणीतरी काढून टाकलेली असते त्या खिंडीतून. म्हणजे तुम्ही घरात एक छोटा व्हॅक्यूम क्लीनर दिवसभर चालू ठेवलाय आणि त्याची पिशवी म्हणजे तुमचा मदरबोर्ड.

हे खोटं वाटत असेल तर एक उदबत्ती घ्या. कॉम्प्युटर चालू करा, खोलीतला पंखा बंद, आणि उदबत्ती फटीजवळ धरा, टेकवू नका, दोन बोटं लांब. धूर आत ओढला जातोय का बाहेर ढकलला जातोय ते लगेच दिसतं. त्या कारखान्यात मी गणपतीपुढचीच उदबत्ती उचलली होती. ड्राइव्हच्या फटीतून धूर असा सरळ रेघेत आत गेला की दिवाणजी खुर्चीतून उठून वाकून बघायला लागले.

म्हणून इलाज फटी बुजवत बसण्याचा नाही. हवा आत जाणारच आहे, तर ती आपण सांगू त्या दारानं गेली पाहिजे आणि त्या दाराशी पायपुसणं पाहिजे. पुढं 120 एमएमचे दोन फॅन लावा, हवा आत घेणारे, त्यांच्यापुढं जाळी, आणि मागं बाहेर फेकणारा एकच. आत येणारी हवा जास्त झाली की डबा थोडासा फुगल्यासारखा राहतो, आणि उरलेल्या सगळ्या फटींतून हवा बाहेर यायला लागते. फॅनची दिशा कळत नसेल तर सोपं आहे, ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या दांड्या असतात त्या बाजूनं वारा बाहेर पडतो. लावून झालं की परत उदबत्ती.

जाळी कसली लावायची यावर मी बरेच उद्योग केलेत. आधी मलमल दुहेरी करून लावली, धूळ थांबली पण हवा पण थांबली, चिप आणखी तापली. मग नायलॉनची मच्छरदाणी लावली. धुळीला ती फार मोठी पडते, पण आमच्याकडं लव लांब असते, ती जाळीवर अडकते आणि मग तिचा थर बारीक पीठ पण अडवतो. मात्र तो थर वेळेवर काढायचा, नाहीतर परत मलमलच झाली. तुमच्याकडं माग नसेल, साधी घरची धूळ असेल तर बारीक नायलॉनची लोहचुंबकाच्या पट्टीची तयार जाळी मिळते ती घ्या, किंवा बायकांच्या पातळ स्टॉकिंगचा तुकडा ताणून लावा, चालतो. धुतली तर खडखडीत वाळवून मगच लावायची.

बाकी आपल्या लोकांच्या सवयी सांगतो. गरम होतंय म्हणून साइडची प्लेट काढून ठेवतात. त्यानं हवेची वाट मोडते आणि धुळीला दार काय, अख्खी भिंतच उघडी. दुसरे त्याच्या उलट, झालरीचं शिवलेलं कव्हर घालून तसाच कॉम्प्युटर चालवणारे. आणि खंडेनवमी! वर्षातून एकदा त्याला पुसतात, झेंडू घालतात, आणि मग चिमूटभर हळदकुंकू नेमकं वरच्या जाळीवर. अहो बाजूच्या पत्र्याला लावा की, देवाला तेवढंच पोचतं. डबा जमिनीवर तर ठेवूच नका, केरसुणी सगळं त्याच्या तोंडात लोटते.

साफ करताना आधी वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा, राहिलेला करंट उतरतो. गॅलरीत न्या आणि ब्लोअर मारा, पण फॅनची पाती बोटानं धरून, नाहीतर वाऱ्यानं ती इतक्या जोरात फिरतात की बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नका, टाकीत साठलेलं पाणी आणि तेल त्या हवेबरोबर येतं, एका पोराचा बोर्ड असा आंघोळ करून माझ्याकडं आला होता. आणि एसएमपीएस बाहेरून फुंका, उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर साठलेलं असतं, वायर काढल्यावर पण.

दिवाणजींकडं ते दोन फॅन बसवून आता वर्ष झालं. मागाच्या सुट्टीला ते दुधावरची साय काढावी तशी जाळीवरची लव काढतात. मधे परत फोन आला, बंद पडतोय. गेलो, उघडला, आत एकदम लख्ख. चक्रावलो. मग खाली वाकलो तर कापडाचे चार तागे बरोब्बर पुढच्या जाळीला टेकवून रचून ठेवलेले. म्हटलं, काका, हे काय? तर म्हणाले, "मग माल ठेवू कुठं, तुझ्या दुकानात?"