दोन शेळ्या आणि एक वही

[दृश्य : बेळगाव शहर, नोव्हेंबरमधील संध्याकाळ. स्वेटरच्या दुकानांची रांग.]

दिवाळी सरली, की बेळगावात तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकाने मांडली जातात. थंडी पडू लागल्याची वर्दी कित्येक बेळगावकरांना हवेआधी या दुकानांकडूनच मिळते. या विक्रेत्यांना सरसकट ‘नेपाळी’ म्हणण्याची आपली जुनी चूक सोडली, तर त्यांच्याशी आपला संबंध भाव करण्यापुरताच असतो. समोरचा माल बहुधा लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर आलेला आहे आणि हंगाम संपताच त्याचा हिशेब चुकता करायचा आहे, हे भाव करताना आपल्या मनातही येत नाही. त्यांची आपल्याला सर्वांत जवळची वसाहत म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड.

[दृश्य : मिरज–बेळगाव लोहमार्ग. घटप्रभा स्थानकात शिरणारी गाडी.]

दुसरी वाट मिरजेकडून येते. कुडची, चिंचली, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा ही स्थानके सीमाभागातल्या प्रवाशाला तोंडपाठ असतात. देवाला सोडलेल्या, म्हणजे देवदासी केलेल्या, कितीतरी मुली या भागातून सांगली, पुणे आणि मुंबईच्या वेश्यावस्त्यांत नेल्या गेल्या, आणि वय उतरल्यावर किंवा आजाराने गाठल्यावर त्यांतल्या काही जणी पुन्हा आपल्या गावी परतल्या. त्यांच्यासाठी दुकाने मांडली गेली नाहीत आणि त्यांच्या येण्यावरून कोणी ऋतू ओळखला नाही.

देश सोडून आलेला निर्वासित आणि शहरातून परतलेली ही बाई, यांची परिस्थिती एक नाही, आणि ती एक असल्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु उभे राहण्यासाठी दोघांच्याही हातावर सुरुवातीला एक लहानशी रक्कम किंवा वस्तू ठेवली गेली. ती कोठे टिकली आणि कोठे विरून गेली, एवढ्याचाच शोध या चित्रफितीत घेतलेला आहे.

[दृश्य : मुंडगोड. मक्याचे शेत, मागे मठाचे छत.]

१९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी सीमा ओलांडून आले. त्यांना जमीन देण्यास ज्या राज्यांनी होकार दिला, त्यांत एस. निजलिंगप्पा मुख्यमंत्री असलेले तेव्हाचे म्हैसूर राज्य पुढे होते. म्हैसूरजवळच्या बैलकुप्पे येथील वसाहत आधी झाली, आणि १९६६ मध्ये मुंडगोडजवळ सुमारे ४,००० एकर जमिनीवर दुसरी वसाहत उभी राहू लागली. थंड पठारावरून आलेल्या माणसांना येथे तंबूंत राहून, उकाडा आणि पावसाळा सोसत रान साफ करायचे होते. शेती त्यांना ठाऊक होती, पण या मातीची आणि या पावसाची नव्हती. मका आणि भात त्यांनी येथेच हातात धरला, आणि शेतातले काम आटोपल्यावर हिवाळ्यात स्वेटर विकण्याचा धंदा पुढे त्याला जोडला गेला.

१९६८ साली तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी एक संस्था स्थापन झाली. तिचे पूर्ण नाव ‘म्हैसूर रिसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी’ असे असून पुढे ती ‘मायराडा’ या आद्याक्षरांच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण ते थोड्याच वेळात घटप्रभेच्या काठावर पुन्हा येणार आहे.

मुंडगोडच्या वसाहतीत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून होती, आणि ती कोणत्याही अनुदानाच्या यादीत लिहिलेली नव्हती. माणसे समूहाने आली होती आणि समूहानेच वसवली गेली. छावणीगणिक प्रमुख होते, सहकारी सोसायटी होती, द्रेपुंग आणि गंदेन हे ल्हासाजवळचे प्राचीन मठ येथे नव्याने उभे राहिले होते. मदतीतून मिळालेली वस्तू एखाद्या घराने विकून टाकली असती, तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या छावणीला कळली असती. उलट त्या घरावर आजारपण आले असते, तर तेही कळले असते. मदतीची राखण माणसांच्या या विणीने केली.

त्यांच्याकडे नव्हता तो कागद. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे तिबेटी माणसाचा येथील आधार म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्याचे नूतनीकरण वेळोवेळी करून घ्यावे लागते. कसणाऱ्याच्या नावावर जमिनीची मालकी नसते, म्हणून ती तारण ठेवून बँकेकडून मोठे कर्ज काढण्याची वाटही बंद असते. स्वेटरचा धंदा उधारीवर आणि विश्वासावर चालतो, याचे एक कारण येथे आहे.

येथे थोडे विषयांतर आवश्यक वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाने पाकिस्तानातून अफगाणिस्तानात परतणाऱ्या नोंदणीकृत निर्वासितांना दिले जाणारे अनुदान २०१६ मध्ये माणशी सुमारे ४०० डॉलरपर्यंत वाढवले होते, आणि त्याच वर्षी साडेतीन लाखांहून अधिक लोक परतले. त्या वर्षी पाकिस्तानात त्यांच्यावर दबावही वाढलेला होता, तेव्हा सारे श्रेय किंवा दोष पैशाला देता येत नाही. पुढच्या वर्षी अनुदान पुन्हा २०० डॉलरवर आणले गेले. एवढ्या रकमेत प्रवासाचे भाडे निघते आणि पहिले काही आठवडे घरात धान्य येते. घर बांधून होत नाही. लहान अनुदान कशासाठी असते आणि कशासाठी नसते, हे देणाऱ्याने आधी स्वतःशी ठरवले पाहिजे, अन्यथा घेणाऱ्याच्या माथी ‘पैसे दिले तरी सुधारला नाही’ असा शिक्का बसतो.

[दृश्य : घटप्रभा. बचत गटाची बैठक, मध्ये पत्र्याची पेटी.]

तिबेटी वसाहतींतले काम हातावेगळे होत आल्यावर मायराडा कर्नाटकातील इतर गरीब कुटुंबांकडे वळली. १९८४-८५ च्या सुमारास संस्थेला एक वेगळाच अनुभव आला. तिने उभारलेल्या मोठ्या सहकारी सोसायट्या मोडकळीस येत होत्या, पण त्यांतली लहान लहान टोळकी मात्र शाबूत होती आणि आपले कर्ज आपण फेडू असे सांगत होती. ज्यांचा एकमेकांवर विश्वास होता, तेवढेच लोक एकत्र बसले, आणि त्यातून आज आपण बचत गट म्हणतो त्याचे एक आरंभीचे रूप घडले. शेती आणि ग्रामविकासासाठीच्या ‘नाबार्ड’ या राष्ट्रीय बँकेने १९८७ मध्ये या गटांच्या बचतीला जोड म्हणून मायराडाला १० लाख रुपये दिले, आणि १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशपातळीवर सुरू केला. आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या गटांच्या वंशावळीत निर्वासितांसाठी निघालेल्या एका संस्थेचे नाव आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

हीच संस्था नव्वदच्या दशकाच्या आरंभी कर्नाटक राज्य महिला विकास महामंडळाबरोबर बेळगाव जिल्ह्यात देवदासींच्या पुनर्वसनासाठी आली. त्याआधी कायदे झाले नव्हते असे नाही. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना १९३४ चा कायदा होता, आणि कर्नाटकाने १९८२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सीमेच्या पलीकडे गडहिंग्लजपासून अलीकडे निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात बाबा आढावांसारख्या कार्यकर्त्यांनी सत्तरच्या दशकातच हा प्रश्न चव्हाट्यावर मांडला होता. पण देवाला सोडताना बांधलेले गळ्यातले मोती काढल्यावर त्या बाईने दुसऱ्या दिवशी चूल कशावर पेटवायची, याचे उत्तर कायद्याच्या कलमात नसते.

परतलेल्या बाईची स्थिती मुंडगोडच्या नेमकी उलटी होती. ती याच देशाची नागरिक होती, याच गावची होती, तेव्हा कागद मिळणे तिला निदान शक्य होते. तिला नव्हता तो समूह. एकटी उतरलेली, भावाच्या घरात नको झालेली आणि गावाने नजर चुकवलेली बाई हातात दहा हजार रुपये घेऊन उभी राहिली, तर ते पैसे आधी कोणाच्या हाती जातात हे सांगायला अर्थशास्त्र नको. थकलेले भाडे, भावाचे कर्ज, जुन्या सावकाराचे व्याज यांत ती रक्कम महिन्याभरात संपते. म्हणून येथे आधी गट बांधावा लागला आणि मग पैसा आला. १९९७ मध्ये या बायकांनी घटप्रभा येथे ‘महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे’ ही स्वतःची संस्था स्थापन केली. तिचे नेतृत्व केलेल्या सीतव्वा जोडट्टी स्वतः लहानपणी देवाला सोडल्या गेल्या होत्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

[दृश्य : आठवडी बाजार, शेळ्यांचा भाग.]

अनुदानातून बाईने काय घ्यावे, यावर कार्यालयांतून पुष्कळ सल्ले दिले जातात आणि सल्ला देणाऱ्याला बहुधा म्हैस आवडते. म्हैस भारदस्त दिसते, तिचा फोटो चांगला येतो आणि दुधाचे पैसे डेअरीतून ठरल्या दिवशी मिळतात. परंतु चांगल्या म्हशीची किंमत अनुदानापेक्षा बरीच जास्त असते, आणि वरची रक्कम व्याजाने काढावी लागते. म्हैस दहा महिन्यांहून अधिक काळ गाभण राहते, मधले काही महिने ती आटलेली असते, आणि हप्ता मात्र आटत नाही. चारा विकत घ्यायचा असेल, तर भूमिहीन बाईला म्हैस पोसणे कठीणच जाते.

शेळीचे गणित वेगळे आहे. ती पाच महिन्यांत विते, पुष्कळदा दोन करडे देते, आणि बांधावरच्या पाल्यावर तिचे बरेचसे भागते. दोन शेळ्यांनी सुरुवात केली, तर वर्ष-दीड वर्षात एखादा बोकड बाजारात नेण्याजोगा होतो, आणि बकरी ईदच्या आधी नेला तर त्याला भावही बरा मिळतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेळी सुटी विकता येते. मुलाच्या तापासाठी अर्धी म्हैस विकता येत नाही. ज्यांना शेळी घेणेही जमत नाही, त्या दुसऱ्याची शेळी अर्धलीने पाळतात आणि होणाऱ्या करडांत वाटा घेतात. शेळी स्वतःच्या मालकीची झाली, की दोन्ही करडे आपली राहतात. अनुदानाने नेमका एवढाच फरक पडतो, आणि तो फार मोठा असतो.

धोकाही येथेच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषार या आतड्याच्या रोगाने किंवा पीपीआर या विषाणूजन्य रोगाच्या साथीने चार दिवसांत गोठा रिकामा होतो. वेळेवर लस टोचली तर हे टळते, पण लसीची तारीख लक्षात ठेवणारे कोणीतरी लागते. विम्याची भरपाई मागताना कानातला बिल्ला दाखवावा लागतो, आणि मेलेले जनावर पुरण्याच्या घाईत तो काढून ठेवण्याचे भान राहत नाही. येथे गटाची वही कामाला येते. बचत, आतले कर्ज, लसीची तारीख, बिल्ल्याचा क्रमांक, सारे तिच्यात उतरते. लिहिता न येणाऱ्या बायकांच्या गटात बहुधा वस्तीतली शाळकरी मुलगी वही लिहिते, आणि तिच्या अक्षरावर वीसजणींचा व्यवहार चालतो.

[दृश्य : तालुक्याच्या गावी कार्यालयाबाहेरचा बाक.]

कागद मिळणे शक्य असते, असे वर म्हटले. सोपे असते, असे म्हटलेले नाही. कर्नाटकात देवदासींची गणना १९९३-९४ मध्ये आणि पुन्हा २००७-०८ मध्ये झाली, आणि दोन्ही मिळून ४६ हजारांहून अधिक नावे नोंदली गेली. पुढील योजनांचा लाभ बहुतांशी या याद्यांवरूनच ठरत आला. गणना झाली तेव्हा जी बाई मुंबईत होती, तिचे नाव यादीत नाही. म्हणजे जी सर्वांत दूर नेली गेली, तीच कागदावर देवदासी झालीच नाही. सीमाभागात आणखी एक अडसर असतो. मराठी शाळेत दोन-चार इयत्ता शिकलेल्या बाईच्या हाती कन्नड अर्ज येतो, तो भरून देणारा पैसे मागतो, आणि अनुदानाला पहिली गळती तेथेच लागते. २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने पुनर्वसनाचाही समावेश असलेले नवे विधेयक मंजूर केले. यादीचे दार त्यामुळे किती उघडते, हे त्या बाकावर बसलेल्या बायका कोणाहीपेक्षा आधी सांगतील.

आजाराबद्दल थोडेच, पण सांगितलेच पाहिजे. नव्वदच्या दशकात परतलेल्या अनेकजणी एचआयव्हीची लागण घेऊन आल्या होत्या. सरकारी रुग्णालयांतून विषाणूरोधक औषधे मोफत मिळण्यास देशात २००४ साली सुरुवात झाली. तोपर्यंत कितीतरी घरांत अनुदानाची शेळी मागे राहिली आणि बाई गेली. औषध सुरू झाल्यावर प्रथमच दोन-तीन वर्षांपुढचा हिशेब मांडण्यात अर्थ आला, आणि लहान रकमेला लागणारा वेळ तिला मिळू लागला.

[दृश्य : सौंदत्ती, माघी पौर्णिमा. भंडाऱ्याने पिवळा झालेला डोंगर.]

माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीच्या डोंगरावर ‘उदो गं आई उदो’चा गजर होतो, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या पायथ्याशी दाटीने उभ्या राहतात. एके काळी अशाच यात्रांत मुलींच्या गळ्यात मोती बांधले जात. आता गर्दीत गटांच्या बायकाही असतात. लहान मुलीला नवे लुगडे नेसवून आणलेले कुटुंब दिसते का, इकडे त्या हातात पत्रके घेऊन लक्ष ठेवतात, आणि दिसलेच तर आईशी आधी स्वतःच बोलतात. त्या दिवसाची मजुरी बुडते.

त्याच सुमारास बेळगावातील स्वेटरची दुकाने उतरवली जातात. उरलेला माल गठ्ठ्यांत बांधला जातो, लुधियानाच्या उधारीचा आकडा वहीत पुन्हा एकदा तपासला जातो, आणि तिबेटी नववर्षाला घरी पोहोचण्यासाठी मुंडगोडकडे जाणारी गाडी पकडली जाते.