आधी कॅरेट, मग गाडी

नारायणगावच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड. आत वेल्डिंगचा चरचराट. दारात छोटा हत्ती, म्हणजे टाटाचा छोटा टेम्पो, उभा. पुढे केबिन, मागे नुसती चासी. माल ठेवायचा हौदा अजून बांधायचाय.

मालक टोमॅटोवाले. त्यांना बॉडी दणकट हवी: जाड चेकर पत्रा, चहूबाजूंनी चॅनल. मिस्त्री सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "भाऊ, कॅरेट आणलंय का?"

टोमॅटो भरायचं रिकामं कॅरेट चासीवर ठेवलं जातं. टेप लागते. आडवी किती बसतील, उभी किती. हौदा दोन इंचांनी आखूड पडला, तर अख्खी ओळ जाते. दोन इंच जास्त झाला, तर कॅरेट रस्ताभर आपटतात आणि बाजारात पोचेपर्यंत फाळक्यातून लाल पाणी ठिबकायला लागतं.

आता दणकटपणाचं. 2005 साली छोटा हत्ती पहिल्यांदा बाजारात आला, तेव्हा त्याची क्षमता साडेसातशे किलो होती. गाडीचं भरल्यावरचं एकूण वजन कागदावर ठरलेलं. बॉडीत शंभर किलो लोखंड जादा घातलं, की तेवढा माल खाली राहिला. टोमॅटोचं कॅरेट वीस किलोचं धरा. दर खेपेला पाच कॅरेट गेली. लोखंडाचं भाडं कोण देणार?

कांदेवाल्याला बाजूंना जाळी लागते, हवा कोंडली की माल घामेजतो. काचवाल्याला काचा टेकवायला उभी घोडी. प्लंबरचा पाइप वीस फुटी, हौदा जेमतेम सात फुटी; त्याला केबिनवरून जाणारा स्टँड हवा.

आणि हौस आरसी बुकात बसली पाहिजे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: नोंदीपेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही. उंच केलेली बॉडी पासिंगला अडते, तेव्हा कटर पुन्हा याच शेडमध्ये चालतो.

"बाजारात गाडी कशी लावता? पाठ करून की आडवी?"

मालक क्षणभर गप्प. आडवीच लागते. मग बाजूचे फाळकेही उघडायला हवेत, नाहीतर हमाल मागूनच एकेक कॅरेट ओढत बसणार. बिजागऱ्या वाढल्या.

मालकांना मागे अजून एक ओळ वाढवून हवी आहे. ते वाकून चासीच्या टोकाला खडूची रेघ ओढतात. भार मागच्या चाकांच्या फार मागे गेला, की गाडीचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग हातात राहत नाही. मिस्त्री काही बोलत नाहीत. अंगठ्याने रेघ पुसतात आणि वीतभर पुढे नवी ओढतात.