सुनावणी आषाढात घ्या

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, विषय दिलाय 'औद्योगिक द्रव कचऱ्याचा पुनर्वापर'. निमंत्रणपत्रिकेत मात्र 'द्रव्य कचरा' छापलंय. तेव्हा पैशाच्या आशेनं जे आलेत त्यांनी आत्ताच उठावं, मागून वाईट वाटायला नको.

आपल्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, असल्याच कचऱ्याच्या पुनर्वापराचा प्रकल्प येतोय. बाकीचं तुम्ही सुनावणीच्या नोटिशीत वाचलंय, ते काही परत सांगत नाही. मी तीस वर्षं सॉल्व्हंट रिकव्हरीवर, म्हणजे वापरलेली रासायनिक द्रावकं शुद्ध करून परत मिळवण्यावर काढली. वाडीत मला कंपनीवाला म्हणतात आणि कंपनीत वाडीवाला म्हणायचे. दोन्हीकडून शिव्या खाल्लेला माणूस आहे, ऐकून घ्या.

पूर्वी एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला गेलो होतो. कुठल्या ते विचारू नका. मे महिना, पत्र्याचा मांडव, पुढच्या रांगेत सोफे. सोफ्यावर कोण बसलं ते सांगायला नको. सल्लागार पडद्यावर हिरवीगार झाडं दाखवत होता आणि मागं सडा करपून काळा पडलेला. दोन तासांनी माईक माझ्याकडे आला, तोही खरखरणारा. मी एवढंच विचारलं, "साहेब, जुलैत इथं पडेल ते पाणी जाणार कुठं?" साहेब हसले. म्हणाले, "प्रकल्पातून एक थेंबही बाहेर जाणार नाही." मी म्हटलं, "आहो, प्रकल्पातलं नव्हे, आभाळातलं!" तेवढ्यात माईक दुसऱ्याकडे गेला.

कायदा चांगला आहे हो. पर्यावरणावरच्या परिणामांच्या अभ्यासाची 2006 ची अधिसूचना म्हणते, किमान 30 दिवस आधी नोटीस द्या, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्या, आणि सुनावणी संपताना झालेलं सगळं लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. पण त्या सुनावणीत हे वाचन सुरू झालं तेव्हा शेवटची एसटी लागलेली. मांडवात उरलो आम्ही सात जण आणि खुर्च्या गोळा करणारी पोरं. बरं, गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे सात जणही चालतात. माझा प्रश्न कसा नोंदवला असेल? 'एका ग्रामस्थाने पिण्याच्या पाण्याची मागणी केली.' मी ओरडलो, "पाणी मागितलं नाही, पाणी जाणार कुठं ते विचारलं!" शेजारचे काका म्हणाले, "जाऊ दे रे, नळ तरी येईल." नळ आला नाही, ते वेगळं.

तेव्हापासून माझं एकच टुमणं आहे. कोकणातली सुनावणी आषाढात घ्या, जागेवर, छत्र्या घेऊन. अहवालासाठी जागेवरच्या पाण्याची, हवेची पायाभूत माहिती एका हंगामात गोळा करतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. आमच्याकडे पावसाळा सोडला तर उरतं काय?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. बरं, मूळ विषय.

पुनर्वापर वाईट नाही, उलट हवाच. वापरलेलं टोल्युइन, हे एक सॉल्व्हंट, तापवलं की साधारण 111 अंशांना उकळतं, वाफ थंड केली की पुन्हा वापरता येतं. रिअ‍ॅक्टरच्या तळाशी मात्र डांबरासारखं उरतं, त्याला आम्ही रेसिड्यू म्हणतो. हातमोज्याला लागलं तर मोजा फेकावा लागतो, धुऊन जात नाही. तेव्हा किती ड्रम आले ते विचारू नका. रेसिड्यूचे किती निघणार, कुठं ठेवणार, कुठं पाठवणार ते विचारा.

दुसरं, टाक्यांभोवतीची डाइक, म्हणजे सांडलेलं अडवणारा बांध. मोठ्यात मोठी टाकी फुटली तरी सगळं आत मावायला हवं, वर थोडी जागाही हवी. पण उघडी डाइक पावसानं भरते. मग रात्रपाळीला कुणीतरी तिचा व्हॉल्व्ह उघडतो. मी उघडलाय, खोटं कशाला बोलू? एका हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर. जुलैत एवढा एका दिवसात पडतो. खाली जांभा, चाळणीसारखा. विहिरी भरतात त्यातूनच आणि मेमध्ये आटतात त्यातूनच. जे सांडेल ते पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पऱ्यातून खाडीत, कालवांत. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पुरानं काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको.

हो हो, उठतो. सुनावणीत छापील निवेदन वाचू नका, एकेक प्रश्न विचारा आणि तो कसा लिहिला ते वाचून होईस्तोवर बसून राहा. शेवटची एसटी चुकली तर माझी पडवी मोठी आहे, पेजेची सोय करतो.