इलिया गराशानिन : दोन घराण्यांचा एक कारभारी

मित्रहो,

एकोणिसाव्या शतकातील सर्बियाचा इतिहास बहुधा ओब्रेनोविच आणि काराजोर्जेविच या दोन घराण्यांच्या वैराची कथा म्हणून सांगितला जातो. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते इलिया गराशानिन यांपैकी कोणत्याही घराण्यात जन्मले नव्हते, तरीही दोन्ही घराण्यांच्या राजवटीत ते सरकारचे प्रमुख झाले. एका गुप्त टिपणाचे लेखक म्हणून त्यांची आठवण काढली जाते. माझ्या मते ते टिपण समजून घ्यायचे असेल, तर आधी त्यांच्यातील कारभारी समजून घ्यावा लागतो.

त्यांचा जन्म 1812 साली गराशी या गावी झाला. वडील मिलुतिन सावीच हे सधन व्यापारी आणि पुढारी होते. इलिया कोणत्याही विद्यापीठात गेले नाहीत. ऑस्ट्रियाच्या हद्दीतील झेमुन येथील ग्रीक शाळेत त्यांचे थोडे शिक्षण झाले, पुढे त्यांनी जर्मन भाषा शिकून घेतली आणि तरुणपणी डॅन्यूबकाठी जकातीच्या नाक्यावर नोकरी केली. सर्बिया त्या वेळी तुर्की सुलतानाचे मांडलिक संस्थान होते. अंतर्गत कारभार सर्बांच्या हाती होता, पण वर्षाची खंडणी भरावी लागे आणि बेलग्रेडच्या किल्ल्यात तुर्की शिबंदी असे. सर्बियाचे अधिपती मिलोश ओब्रेनोविच यांनी 1837 मध्ये या तरुणाला नियमित फौजेच्या प्रमुखपदी नेमले. पुढे मिलोश यांच्या एकतंत्री कारभाराविरुद्ध जो ‘संविधानरक्षकांचा’ पक्ष उभा राहिला, त्याच्या बाजूला गराशानिन घराणे गेले. 1842 मध्ये याच पक्षाचे पुढारी वुचिच यांच्या बंडाने मिलोश यांचे पुत्र मिहाइलो यांना गादीवरून हटवले आणि अलेक्झांडर काराजोर्जेविच अधिपती झाले. त्याच बंडाच्या धामधुमीत ओब्रेनोविचांच्या समर्थकांनी इलिया यांच्या वडिलांना आणि भावाला ठार केले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

1843 पासून सुमारे नऊ वर्षे ते गृहमंत्री होते. पोलीस, जिल्ह्यांचे अधिकारी आणि सरहद्दीवरील चौक्या यांची घडी बसवण्याचे हे काम इतिहासात फारसे रंगवले जात नाही, पण सर्बियात नोकरशाही म्हणून जे उभे राहिले त्यात त्यांचा वाटा मोठा होता. लोकांना आधी शिस्त हवी, प्रतिनिधी सभांचे पुढे पाहू, असा त्यांचा पक्का समज होता. मला ही त्यांची मोठी मर्यादा वाटते. 1858 मध्ये अलेक्झांडर यांना आवर घालण्यासाठी सेंट अँड्र्यू सभा म्हणून ओळखली जाणारी राष्ट्रीय प्रतिनिधी सभा बोलावण्यास त्यांनी साथ दिली, पण सभा त्यांच्या हाती राहिली नाही. तिने अलेक्झांडर यांना पदच्युत केले आणि वृद्ध मिलोश यांनाच परत बोलावले.

आता 1844 च्या त्या टिपणाकडे, म्हणजे ‘नाचेर्तानिये’कडे वळू. या शब्दाचा अर्थ आराखडा. त्याचा मूळ मसुदा फ्रांतिशेक झाख या मोराव्हियन गृहस्थाचा होता. पॅरिसमध्ये निर्वासित असलेले पोलिश नेते आदाम चार्तोरिस्की यांचा तो बेलग्रेडमधील प्रतिनिधी होता. ऑस्ट्रिया आणि रशिया या दोघांनाही शह देईल असे राज्य बाल्कनमध्ये उभे राहावे, अशी चार्तोरिस्की यांची इच्छा होती. झाख यांच्या मसुद्यात दक्षिण स्लाव लोकांचा विचार होता. गराशानिन यांनी त्यातील बराच भाग जसाच्या तसा घेतला, पण अनेक जागी दक्षिण स्लाव हा उल्लेख बदलून सर्ब असा केला आणि क्रोएशियाविषयीचा भाग गाळला. चौदाव्या शतकातील सर्ब सम्राट दुशान यांच्या साम्राज्याची आठवण या आराखड्याचा आधार ठरली. हा बदल किरकोळ होता असे मी म्हणणार नाही. शेजाऱ्यांसह राज्य उभारायचे की शेजाऱ्यांच्या भूमीवर, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

तरीही हा आराखडा वाचताना त्यातील कारभाऱ्याची नजर सारखी जाणवते. बोस्नियातील तरुणांना सर्बियाच्या सरकारी नोकरीत घेऊन तयार करावे, तेथील कॅथलिक फ्रान्सिस्कन साधूंशी संबंध जोडावेत, प्रार्थनेची पुस्तके छापावीत, ऑस्ट्रियावाचून व्यापार चालावा म्हणून ॲड्रियाटिक किनाऱ्यावरील उल्त्सिन्य बंदरामार्गे समुद्रापर्यंत वाट काढावी, अशा त्यातील सूचना आहेत. तुर्कस्तान कोसळला तर ऑस्ट्रिया आणि रशिया त्याची वाटणी करतील आणि लहान सर्बिया मध्ये चिरडला जाईल, ही भीती त्यामागे होती. हे टिपण 1906 पर्यंत छापले गेले नाही. म्हणूनच पुढच्या काळातील सगळ्या सर्बियन राजकारणाची किल्ली याच कागदात शोधणे मला चुकीचे वाटते.

1852 मध्ये ते सरकारचे प्रमुख आणि परराष्ट्रमंत्री झाले. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आलेल्या रशियन दूत मेन्शिकोव्ह यांनी त्यांना काढण्याची मागणी केली आणि अलेक्झांडर यांनी ती मान्य केली. मांडलिक संस्थानात मंत्री कोणी असावे हे दुसऱ्या देशाचा दूत ठरवतो, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता.

मिलोश 1860 मध्ये वारले आणि मिहाइलो पुन्हा अधिपती झाले. ज्यांच्या पक्षाच्या लोकांनी आपल्या बापाला आणि भावाला मारले, त्याच मिहाइलो यांचे प्रमुख मंत्री म्हणून गराशानिन यांनी 1861 ते 1867 काम केले. मला त्यांच्या चरित्रातील हीच गोष्ट सर्वांत विचार करायला लावते.

जून 1862 मध्ये बेलग्रेडच्या चुकुर कारंज्यापाशी तुर्की सैनिक आणि एक सर्ब मुलगा यांच्यात झालेल्या झटापटीतून दंगल पेटली आणि दोनच दिवसांनी किल्ल्यातील तोफांनी शहरावर मारा केला. युरोपीय सत्तांच्या कान्लिजा परिषदेने उझित्से आणि सोकोल येथील शिबंद्या उठवल्या, पण बेलग्रेडचा किल्ला तुर्कांकडेच राहिला. गराशानिन यांनी धीर धरला. 1866 मध्ये क्रीट बेटावर बंड उसळले, प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला आणि सुलतान अडचणीत आला. ही संधी साधून त्यांनी बोलणी रेटली. एप्रिल 1867 मध्ये बेलग्रेडच्या किल्ल्याच्या किल्ल्या मिहाइलो यांच्या हाती आल्या, तसेच शाबात्स, स्मेदेरेवो आणि क्लादोवो येथूनही तुर्की फौजा निघून गेल्या. एकही लढाई न करता हे घडले. सुलतानाचा झेंडा मात्र सर्बियन झेंड्याशेजारी फडकत राहणार होता. याच काळात माँटेनेग्रो आणि ग्रीस यांच्याशी करार झाले.

यशाच्या या शिखरावर असतानाच, नोव्हेंबर 1867 मध्ये, त्यांना पद सोडावे लागले. मिहाइलो यांना आपल्या चुलतबहिणीच्या मुलीशी, कातारिना हिच्याशी लग्न करायचे होते आणि गराशानिन यांनी त्याला विरोध केला होता. पुढे 10 जून 1868 रोजी तोपचिदेरजवळच्या कोशुत्न्याक वनात मिहाइलो यांचा खून झाला. त्यांच्याबरोबर गराशानिन यांचा मुलगा स्वेतोझार अधिकारी म्हणून होता, तो जखमी झाला. त्या वेळी जवळच असलेले गराशानिन कोणतेही पद हाती नसताना तातडीने शहरात गेले आणि राजधानीत गोंधळ माजू नये म्हणून धडपडले. त्यानंतर युद्धमंत्री ब्लाझनावात्स यांनी फौजेच्या बळावर ओब्रेनोविच घराण्यातील तेरा वर्षांच्या मिलान यांना अधिपती घोषित केले. नव्या व्यवस्थेत गराशानिन यांना जागा नव्हती. ते ग्रोत्स्का येथील आपल्या शेतीवाडीकडे निघून गेले आणि 1874 मध्ये त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी त्यांचा दुसरा मुलगा मिलुतिन सर्बियाचा पंतप्रधान झाला.